तात्पुरतं, नंतर बदलू

रावपुऱ्यात, लॅबच्या तळघरात
रात्री पावणेतीनला डेटाबेस मेला.
या महिन्यात तिसऱ्यांदा.
कनुभाई जिन्यावरून वाकून विचारतो,
"बेन, पाछुं पड्युं?"
पडलं नाही, कनुभाई. मारलं.
मेमरी संपली की कर्नल
सगळ्यांत लठ्ठ दिसेल त्याला धरतो.
गुन्हा कुणाचा, ते विचारत नाही.

सोळाची बत्तीस करून झाली.
बिलावर सही करताना डॉक्टर पारीखांनी
चष्म्यावरून पाहिलं होतं माझ्याकडे.
चार दिवस बरे गेले.

आज हिशेब घेऊन बसले.
एकेका प्रोसेसला विचारलं, तू किती खाल्लंस?
डेटाबेस म्हणाला सहा. वेबसर्व्हर, एक.
बाकीचे सगळे मिळून दोन.
बेरीज नऊ, आणि बत्तीस संपलेले.
परातीत कणीक नाही
आणि पंगतीतला प्रत्येक जण म्हणतोय,
माझ्या दोनच झाल्या.

मग तो रकाना दिसला
ज्याच्याकडे आठ वर्षांत कधी नीट पाहिलं नव्हतं.
शेअर्ड: बावीस.
कुणाच्याच नावावर नाहीत.

माउंटची यादी काढली.
स्कॅनच्या फोल्डरसमोर डिस्कचं नाव हवं,
तिथे टीएमपीएफएस.
म्हणजे ते डिस्कवर नाहीच,
मेमरीतच थाटलेलं.
आठवडाभराचे गुडघे, मणके, फुप्फुसं
सगळं यंत्र डोक्यावर धरून उभं,
खाली ठेवायला जागा नाही म्हणून.
मर्यादा: नव्वद टक्के.
टक्के!
मी विहीर खणत होते
आणि पोहराही मोठा होत होता.

एफएसटॅबमध्ये त्या ओळीवर शेरा:
डिस्क गेली. तात्पुरतं, नंतर बदलू. नि. फ.
निरंजन फणसे. आता मेलबर्नला.
नवी डिस्क त्याच महिन्यात आली होती,
खोक्यातून काढली, बसवली, वायर जोडली.
माउंट कुणी केली नाही.
चार वर्षं ती रिकामी फिरतेय.
हात लावला. कोमट.

दर सोमवारी मी मशीन रीस्टार्ट करायचे.
सगळं कसं हलकं व्हायचं.
रजिस्टरात त्याला देखभाल म्हटलंय, सही माझी.
स्कॅन वाचले, त्यांची प्रत वर असते.
पण डॉक्टर शिरगावकरांचं डिक्टेशनही
याच फोल्डरात पडायचं.
रिपोर्ट टाइप होऊन गेले.
आवाज राहायचा सोमवारपर्यंत.
ते मागच्या पौषात गेले.
मुलगा आला होता विचारायला, काही रेकॉर्डिंग असेल का?
मी म्हटलं होतं, शोधते.

या आठवड्याचं सगळं नव्या डिस्कवर उतरवलं.
अनमाउंट.
उत्तर आलं: जागा व्यापलेली आहे.
कोण बसलंय तिथे, शोधलं.
मीच.
माझंच टर्मिनल, मघापासून त्याच फोल्डरात उभं.
बाहेर पडले. पुन्हा.
सुटलं.

आणि सवयीने यादी मागितली.
माउंटखालचं पुसलं जात नाही, फक्त झाकलं जातं,
हे मी परीक्षेत लिहिलं होतं, दोन मार्कांना.
सात फाइली.
डिस्क गेली आणि निरंजन धावत आला
त्या मधल्या एका दुपारच्या.
सहा तुटलेल्या.
सातवी, एकोणीस सेकंद.
खोकला. खुर्ची सरकते.
"फणसे, लाल दिवा लागलाय,
म्हणजे चालू आहे ना हे?"
पंख्याची घरघर.
"बरं. पेशंट, स्त्री, वय..."

ओळ बदलली. डिस्क माउंट केली.
शेरा खोडला नाही, खाली आजची तारीख घातली.

कनुभाई चहा घेऊन उतरला. "थई ग्युं?"
मी म्हटलं, बस जरा,
आणि इअरफोनचं एक टोक त्याला दिलं.
खोकला ऐकूनच तो म्हणाला,
"शिरगावकर साहेब"
आणि कप हातात घेऊन
उभा राहिला.